कोटातल्या देवीची ओटी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आईला देवीचा म्हणून मी जो प्रसाद दिला होता, तो दिल्लीच्या करोल बागेतून आणलेला होता.

आम्ही गाझियाबादला राहतो. आमची देवी मात्र वसईच्या किल्ल्यात, समुद्राकाठच्या जुन्या कोटाच्या आत. काही वर्षांपूर्वी मी काविळीतून कसाबसा वाचलो, तेव्हा आई तिची ओटी भरण्याचा नवस बोलली होती. गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपेना. मी ऑफिसच्या मीटिंगला मुंबईला निघालो, तशी तिने हिरवा खण आणि तांदूळ पिशवीत घालून दिले. "पुरुषाने ओटी भरू नये. तिथल्याच एखाद्या सवाष्णीला विनंती कर," म्हणाली. मीटिंग लांबली, मग पार्टी झाली आणि मी गेलोच नाही. दिल्लीत उतरल्यावर नारळ-कुंकू विकत घेतलं. आईने ते कुंकू कपाळाला लावून डोळे मिटले. "कोणी भरली रे?" "होत्या एक बाई," मी म्हणालो. पिशवी माळ्यावरच्या बॅगेत तशीच राहिली.

यंदा थंडीत आईला धाप लागायला लागली. एका दुपारी ग्लानीतच तिने विचारलं, "देवीचं काही राहिलं नाही ना?" मी "बिल्कुल नाही" म्हटलं खरं, पण त्यानंतर तिच्यासमोर बसवेना. तिला जरा उतार पडताच माळ्यावरची पिशवी घेतली आणि ऑफिसचं काम काढून मी वसई गाठली. खण कोरा होता, तांदळाला जाळी धरली होती. स्टेशनजवळ नवे तांदूळ आणि नारळ घेतला.

किल्ल्यात शिरलो तेव्हा ऊन धुरकट झालं होतं. भिंतींतून वडाची मुळं खाली उतरलेली, छप्पर नसलेल्या दालनांत गवत. कुठल्याशा कमानीखाली लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घेत होती, फोटोंसाठी सोडलेला गुलाबी धूर तटावरून हळूहळू तरंगत चालला होता. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. वाट चुकलो की काय, असं वाटेपर्यंत मी चालत राहिलो. मला खरं तर पोहोचायचंच नव्हतं की काय, कोण जाणे.

देवळात चिटपाखरू नव्हतं. पिशवी मांडीवर घेऊन मी पायरीवर बसलो. ओटी भरायला सवाष्ण लागते, हे मी विसरलोच होतो. एवढ्यात टोपली घेतलेल्या एक बाई समोर थांबल्या.

"ओटी घेऊन एकटेच? बाईसाहेब रुसल्या वाटतं?"

"नाही, बायको दिल्लीकडे, घरी आहे."

"मग काय, देवीला व्हिडिओ कॉल करणार होत्या?" त्या खळखळून हसल्या. "आणा इकडे."

त्यांनी हात धुतले, पदर सारखा केला आणि इतक्या मायेने ओटी भरली, जणू घरच्या लेकीचीच. मग नारळ माझ्या हातात देत म्हणाल्या, "आईंना सांगा, आता पोचली."

आईचा मी शब्दही काढला नव्हता. भानावर येऊन त्यांच्यामागे गेलो, तर समुद्राकडच्या दरवाज्यात नुसता उजेड भरला होता आणि पलीकडे भरतीचं पाणी. तिथून कोळीवाड्याकडे वाट जाते. त्या तिकडेच गेल्या असतील. मी शोधलं नाही. तटाला टेकून खूप रडलो.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अरे, पुन्हा जाऊन आलास? एकदा झालं होतं की!" खोबऱ्याचा तुकडा तिने सावकाश चघळला. मी मान खाली घालून तिचे पाय चेपत राहिलो.

देवीपुढे न्यावं असं स्वच्छ माझ्यापाशी काहीच नव्हतं. होतं तसंच तिने पदरात घेतलं. निमित्त झालेल्या त्या बाईंना रोज मनातून हात जोडतो. इतकी वर्षं मी झाकत होतो, ते देवी उघडंच पाहत होती; शरण जाणं म्हणजे बहुधा झाकणारा हात बाजूला घेणं, एवढंच असावं. तो देवीपुढे घेतला. आईपुढे अजून घेतलेला नाही. तिला खरं सांगायचं माझ्याकडून बाकी आहे.