विलायती गाडीसाठी बोललेला वाईट नवस

हे लिहावं की नाही, याचा बराच विचार केला. देवाचे अनुभव सांगणाऱ्यांची मागणी बहुतेक चांगली असते. माझी वाईट होती.

मी कर्जत तालुक्यातला, घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी आणि वर्गमित्र नितीन भिंगारच्या एका गॅरेजात काम शिकायला जायचो. तिथे दोन सीटची, वरून उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आली होती. तिथल्या लष्करी छावणीतल्या कुणा साहेबानं ती विलायतेहून आणली, जाताना इथेच विकली, आणि पुढे कित्येक वर्षं ती श्रीरामपूरकडच्या एका गोदामात पडून होती. सीटखाली कोंबड्यांची पिसं निघाली.

गॅरेज चालवणाऱ्या उस्तादांनी इंजिन आणि स्टिअरिंग नितीनला दिलं. मला गंज घासायला आणि नटबोल्ट निवडायला बसवलं. नितीनच्या वडिलांचं गावाकडे स्वतःचं गॅरेज, त्याचा हात लहानपणापासून बसलेला. मी अभ्यासात पुढे, पण पाना धरला की घाबरायचो. "हा नुसता कान लावून इंजिनाचं दुखणं सांगतो," असं उस्ताद गिऱ्हाइकांना सांगायचे. मला मात्र, "कॉलेजवाले, हळू घासा, पत्र्याला भोक पडंल." सगळे हसायचे, मीही हसायचो. आणि जवळच्या दत्ताच्या देवळात रोज हात जोडून म्हणायचो, नितीनच्या हातून ती गाडी चालू होऊ नये. नारळसुद्धा बोललो होतो.

त्या गाडीच्या नटबोल्टांचे आटे इंचाच्या मापाचे. बाजारातला मिलिमीटरचा बोल्ट दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. जोर लावला तर बसल्यासारखा वाटतो, पण आतले आटे कापले जातात आणि चालत्या गाडीत तो निसटू शकतो. एका गुरुवारी नितीननं गाडीखालून हात काढून स्टिअरिंगचा बोल्ट मागितला. मी दिला. देता देताच कळलं, हा बाजारातला. मी गप्प राहिलो. घट्ट जातोय, असं तो म्हणाला, तरी गप्पच. मग तोच म्हणाला, "तू निवडलाय म्हणजे बरोबरच असंल."

चहाच्या सुट्टीत मी देवळात गेलो. हात जोडले, पण शब्दच येईनात. पायऱ्यांशी एक अनोळखी म्हातारा नळाला तोटी बसवत होता. मला नुसतं उभं बघून त्यानं ती माझ्या हातात दिली. मी ताकद लावायला लागलो तसा म्हणाला, "जोर नको लावू. हातानं जात न्हाई म्हंजी वाकडं लागलंय. उलटं फिरव, काढ, परत लाव."

तोटी त्याच्याकडे देऊन मी पळालो.

गाडी गॅरेजच्या दारात होती. इंजिन चालू झालं होतं आणि नितीन ट्रायलला निघाला होता. मी पुढे आडवा उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, नवसासकट. उस्तादांनी बोल्ट मला काढायला लावला. त्यात लोखंडाचा कीस अडकला होता. नितीननं तो तळहातावर घेऊन फिरवून पाहिला. मग म्हणाला, "माझ्या वाईटासाठी एकच नारळ बोललास व्हय?"

नंतर चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पण नवे आटे पाडताना दिवा धरायला त्यानं मलाच बोलावलं.

तो म्हातारा पुन्हा दिसला नाही. पुजाऱ्यांनाही तो माहीत नव्हता. मत्सर गेला, असंही मी म्हणणार नाही. गाडी रस्त्यावर आली तेव्हा ती नितीन चालवत होता, आणि फाटकात उभं राहून बघताना मला ते लागलंच. पण पुढच्या वळणावर गाडी हवी तशी वळली आणि माझे हात आपोआप जुळले. आता मी देवाला सांगत नाही, काय घडावं ते. त्यानं माझं ऐकलं नाही, याचेच आभार मानून संपत नाहीत.