परग्रहावरचा नवरा

जुन्या पुस्तकाच्या खळीचा वास आला की आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावची ती दुपार आठवते. नवऱ्यांच्या जागी परग्रहावरचे तोतये येतात, अशी कादंबरी मी वाचत होते. तेवढ्यात आमचे हे हिंगोलीच्या जीपमधून उतरले, चहा प्याले, पण नेहमीसारखी त्याला नावं ठेवली नाहीत. मी मोठी शहाणी! लगेच परीक्षा घेतली, "लग्नात मी कोणतं लुगडं नेसले व्हते?" "न्हाई आठवत. काहून?" म्हटलं, माणूस अस्सल आमचाच! मी हसत सुटले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "हिंगोलीचा डॉक्टर म्हणून राहिला, गळ्यातली गाठ साधी न्हाई." कादंबरीच्या शेवटी खरा नवरा घरी परततो. तो शेवट मला तेव्हा भिकार वाटला होता. हे गेल्यापासून मात्र नातीकडून तेवढंच पान पुन्हापुन्हा वाचून घेते.