आक्काचं पूर्ण नाव

काल एका विद्यार्थिनीचा शोधनिबंध तपासत होते. तळटीपेत तिनं माहिती देणारीचा उल्लेख केला होता, ‘गावातील एक वृद्ध महिला’. माझं पेन तिथंच थांबलं आणि पुनावळ्याच्या आमच्या ओट्यावरचा हळदीचा वास आला.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी गावातल्या शेतांची जुनी नावं गोळा केली होती. सगळी आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या आत्यानं सांगितलेली. पण घरातल्या बाईचा संदर्भ दिला तर लोक हसतील, म्हणून मी शहाणीनं एक छापील पुस्तक ठोकून दिलं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तेच पुस्तक माझ्यापुढं उघडलं. त्यात यातलं एकही नाव नव्हतं. मग मी आत्याचं खरं काय ते सांगून टाकलं.

“ज्यांनी सांगितलं, त्यांचं पूर्ण नाव लिहून आण,” एवढंच त्या म्हणाल्या.

घरी आले तेव्हा आक्का ओट्यावर हळकुंडं कुटत होती.

“आक्का, तुझं पूर्ण नाव काय गं?”

तिचा हात थांबला. पिवळी बोटं तिनं पदराला पुसली, जरा सावरून बसली.

“गजराबाई,” ती म्हणाली. “या नावानं कुणी हाक मारून लई वर्सं झाली बघ.”

त्या शेतांवर आता सोसायट्या आहेत, आक्काही नाही. बाभुळमळा, खालची पट्टी, वढ्याकाठचं टिकान. तिला शिवाराच्या तुकड्यातुकड्याचं नाव पाठ होतं. आणि तिच्याच मांडीवर वाढलेल्या मला तिचं एक नाव ठाऊक नव्हतं.