दोन तास अडवलेली सुटका

निजामाच्या राज्यात मी परंड्याच्या कोर्टात पेशकार होतो. न्यायाधीश साहेबांनी सही केलेल्या हुकमावर शिक्का मारून तो रवाना करणं माझ्याकडं होतं.

राज्याच्या शेवटच्या वर्षी एका किराणा दुकानदाराच्या मुलाला पोलिसांनी धरलं. पत्रकं वाटल्याचा आरोप होता. साहेबांनी कागद पाहिले, पुरावा नाही म्हणाले आणि सुटकेच्या हुकमावर सही केली. मी शिक्का उचलला, तेवढ्यात पोलीस जमादार दाराशी आला.

"पेशकारसाब, एवढी काय घाई? हैदराबादचा हुकूम यायलाय. मंग तुमच्या साहेबाला बी तोंड उघडता यायचं न्हाय."

मी शिक्का खाली ठेवला. बाहेर मुलाचा बाप बसला होता. त्याला म्हणालो, "शाई वाळतीय, अप्पा."

दोन तासांनी वरचा हुकूम आला. अशा कैद्यांबाबत कोर्टानं दखल घेऊ नये. साहेबांनी विचारलं, "वो कागज गया?" मी नाही म्हणालो. मुलाला लांबच्या तुरुंगात नेलं. तिथं तो तापानं गेला.

पुढं राज्यघटना आली. सरकारनं माणूस डांबला तर कोर्ट त्याचं कारण विचारू शकतं, हे नव्या वकिलांकडून ऐकलं. तेव्हा घटनाच नव्हती, मी काय करणार, अशी मी मनाची समजूत घातली. पण ती खोटी होती. राजाचा शब्द कोर्टाच्या वर होता हे खरं, तरी ते दोन तास कोर्टाचाच शब्द चालत होता. तो मी अडवला.

त्यानंतर एकदा अप्पा आले. "त्याची आई मलाच बोल लावती, म्या नीट खटपट केली न्हाय म्हणून पोरगं सुटलं न्हाय. साहेबानं काय लिवलं हुतं, तेवढं तिला दावायचंय."

कागद माझ्याच कपाटात होते. दोन्ही हुकमांवर वेळ घातलेली होती. मी म्हणालो, "सापडत नाहीत."

"तुमी हुडकलं, लई केलं," म्हणून त्यांनी हात जोडले.

गेल्या महिन्यात नक्कल घेऊन त्यांच्या घरी गेलो. अप्पा वारले होते. त्यांच्या बायकोला दोन्ही हुकूम वेळेसकट वाचून दाखवले आणि मधले दोन तास कुणामुळं गेले, तेही सांगितलं.

तिनं कागद मांडीवर ठेवला.

"म्हंजे ह्यांची चूक नव्हती," ती म्हणाली. "ते मरस्तोवर म्या बोलत ऱ्हायले त्यांना."

मला ती एक शब्दही बोलली नाही.