पिंजऱ्यातली खुर्ची

मुलांनो, फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, बातम्यांतल्या त्या नेत्याचं वॉरंट निघालंय ना, मग पकडत का नाहीत?" मी म्हटलं, वाचून सांगते. नंतर मी नीट बसून वाचलं. युद्धात निरपराध माणसं मारवली म्हणून देशाच्या प्रमुखावरही खटला चालवू शकेल असं अनेक देशांनी मिळून उभारलेलं न्यायालय आहे, पण त्याला स्वतःचे पोलीस नाहीत. दुसऱ्या कुठल्या तरी देशाने त्याला धरून द्यायचं. तो समोर आल्याशिवाय खटला उभाच राहत नाही.

तेच मी यंदा गिरगावातल्या आपल्या चाळीच्या गणपतीत मांडायचं ठरवलं. जिवंत देखावा. न्यायाधीश बसलेले, साक्षीदार बाई उभी, आरोपीचा पिंजरा रिकामा. तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघणार होतात. हेच माझं उत्तर.

आदल्या दिवशी खाली गेले तर पिंजऱ्यात उंच पाठीची लाल खुर्ची! पाठीवर पांढरा टॉवेल, हातावर झेंडूचा हार.

"हे काय रे?" मी मंडळाच्या चिटणीसाला विचारलं. त्याला मी हाफ पँटीत असल्यापासून ओळखते.

"काकू, नेता म्हटल्यावर खुर्ची नको?"

"आरोपी आहे तो. हार कसला घालतोस?"

"सवय हो. खुर्ची मांडली की पोरं हार आणतातच." मग हळूच म्हणाला, "नेता मीच होतोय. बेड्या आणल्यात. शेवटी मान खाली घालतो, लोक टाळ्या वाजवतील."

"अजून कोणी पकडलेलं नाही त्याला. नातवंडांना खोटं दाखवू?"

"रिकामा पिंजरा बघून लोक म्हणतील, नटाने टांग दिली!"

शेवटी ठरलं, पहिली संध्याकाळ माझी. नाही जमलं तर दुसऱ्या दिवसापासून बेड्या. हार मी काढला. खुर्ची त्याने काढू दिली नाही.

संध्याकाळी निवेदन संपलं आणि रांग थांबली. कार्यकर्ते ओरडत होते, "चला, पुढे चला!" कडेवर मूल घेतलेली एक बाई म्हणाली, "थांबा हो, तो यायचाय ना?"

"तो नाही येणार, ताई," मी म्हटलं.

"मग हिला कशाला उभी केलीय?"

साक्षीदार झालेली आपली शेजारीण ओठ न हलवता पुटपुटली, "काकू, पाय भरून आले. येतोय की नाही मेला?"

रांग फाटकाबाहेर गेली. चिटणीस घामाघूम होऊन आला. मला वाटलं, आता बेड्या घालून आत शिरतो. तो पिंजऱ्यात गेला, खुर्ची उचलली आणि शेजारणीच्या मागे आणून ठेवली.

"बस गं," तो म्हणाला. "वेळ लागेल."

ती बसली. तरी लोक हलेनात. फोनवर तुम्ही विचारत होतात, "आजी, आता काय होणार?" मी फोन रिकाम्या पिंजऱ्याकडे वळवला आणि लोकांबरोबर वाट बघत उभी राहिले.