बावीस मीटर

पहाटे सव्वापाचला स्वयंपाकघरातून उकडत्या अंड्यांचा तो किंचित उग्र, गंधकासारखा वास आला आणि मी अंथरुणात उठून बसले, कारण लग्नाला अकरा वर्षं होऊनही आमच्या घरात माझ्याआधी कोणी गॅस पेटवल्याचं मला आठवत नव्हतं. जाऊन पाहते तर माझा नवरा, सुहास, कानांभोवती मफलर गुंडाळून पातेल्यापाशी उभा होता आणि मोबाइलवर मिनिटं मोजत होता. दहाच्या ऑफिससाठी सकाळी तिसरा गजर बंद करून पुन्हा पांघरुणात शिरणारा हा माणूस. "तू झोप," तो कुजबुजला, "शीतलला सहाला मैदानावर न्यायचंय." खिडकीबाहेर फेब्रुवारीचं विरळ धुकं दिव्याच्या पिवळ्या उजेडात तरंगत होतं. मी परत येऊन पडले, पण त्या वासाने मला झोप लागू दिली नाही.

शीतल माझी धाकटी नणंद. निपाणीची, तेवीस वर्षांची. वनरक्षकाच्या भरतीची लेखी परीक्षा ती केव्हाच पास झाली होती, पण शारीरिक चाचणीचं पत्र इतक्या उशिरा आलं की हातात अवघे अठरा दिवस उरले. चारशे मीटर, नव्वद सेकंदांच्या आत, आणि संधी एकच. चाचणी बेंगळुरूतच होती, म्हणून ती बॅग घेऊन आमच्याकडे आली. ही भरती हुकली तर पुढची कधी निघेल हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि तोवर सासूबाई तिच्या लग्नासाठी थांबणार नव्हत्या, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

आमचं घर पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला. तिथून दहा मिनिटांवर एका शाळेचं तांबड्या मातीचं मैदान आहे, आणि त्याच्या कडेने वर्षानुवर्षं फिरणाऱ्यांच्या पावलांनी एक गुळगुळीत वाट पडलेली आहे. रोज सकाळी तिथे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "फुल राउंड फोर हंड्रेड, मॅडम." मीही दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागले, घरात एकटीने बसून काय करायचं म्हणून. करंजांना नुकतीच कोवळी, तेलकट चमक असलेली पालवी फुटत होती, कुंपणापलीकडच्या झाडांखाली गुलाबी फुलांचा सडा पडलेला असे, आणि कुठल्याशा अगरबत्तीच्या कारखान्यातून येणारा चंदनाचा वास थंड हवेत जमिनीलगत रेंगाळत असे. आणि त्या सगळ्यातून शीतल धावत यायची. धावणं शिकवलेल्या मुलीसारखी ती धावत नसे. हात जरा फाकलेले, वेणी पाठीवर आपटतेय, पण टाच अशी काही उचलली जायची की मागे लाल धुळीची बारीक रेघ उठत राहायची. थांबल्यावर ती गुडघ्यांवर हात टेकून चार-पाच श्वास घ्यायची आणि पुन्हा सरळ उभी राहायची. मी मेट्रोचा जिना चढून आले की मला याहून जास्त वेळ लागतो.

माझ्या पोटात दुखत होतं, हे सरळच सांगून टाकते. तिच्या वयाचा, पायांचा हेवा थोडाफार होताच, पण खरी कळ त्या अंड्यांपाशी होती. चार वर्षांपूर्वी मी गुणवत्ता निरीक्षकाच्या वरच्या प्रमाणपत्राची परीक्षा दिली होती. पीण्यातल्या एका लहानशा कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायचं माझं काम. मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांत धातू धरायचा आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तो खरा आहे की नाही ते सांगायचं. त्या परीक्षेसाठी मी दोन महिने पहाटे उठले, दबक्या पावलांनी, कोणाची झोप मोडू नये म्हणून. परीक्षेच्या दिवशी सुहास झोपलेला होता. पास झाल्याचं सांगितलं तेव्हा त्याने मोबाइलवरून नजर न उचलता "अरे वा" म्हटलं. मी काही मागितलं नव्हतं, हे खरं. शीतल मात्र मागायची. "अण्णा, पाय दाबून दे की," "अण्णा, उद्या केळी आण," असं मोठ्याने, निर्धास्त, आणि जग तिला ते आणून द्यायचं. न मागता मनातल्या मनात रुसून बसणाऱ्या माणसाला मागणाऱ्या माणसाचा किती राग येतो!

संध्याकाळी निपाणीहून सासूबाईंचा फोन यायचा. स्पीकर चालू करून सुहास त्या दिवसाची वेळ सांगायचा, शहाण्णव, चौऱ्याण्णव, आणि पलीकडून "माझी वाघीण ती!" असा आवाज यायचा. मी भाकऱ्या थापत असायचे. अकरा वर्षांत त्यांनी मला कारखान्यात नेमकं काय करतेस, असं कधी विचारलेलं नव्हतं. थापताना माझी भाकरी फाटायची आणि मी ती पुन्हा मळायचे.

पहिल्या रविवारी भाऊ-बहीण चिकपेटच्या बाजारात गेले, ट्रॅकसूट घ्यायला. मलाही चल म्हणाले होते. मी डोकं दुखतंय म्हटलं. ते गेल्यावर घर इतकं रिकामं वाटलं की मी बाहेर पडले आणि जाताना, का कोण जाणे, बाल्कनीच्या जाळीसाठी कारखान्यातून आणलेला तीस मीटरचा टेप पिशवीत टाकला. माप ऐकलं की ते पडताळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, तो माझा रोगच आहे. दुपारच्या उन्हात मैदान निर्मनुष्य होतं. टेपच्या टोकाच्या कडीत खिळा अडकवून मातीत रोवायचा, वाटेच्या वळणाबरोबर टेप वाकवत न्यायचा, खूण करायची, परत येऊन खिळा उपटायचा. बारा वेळा पूर्ण टेप लागला आणि वर अठरा मीटर. तीनशे अठ्ठ्याहत्तर. मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

म्हणजे शीतल रोज बावीस मीटर कमी धावत होती. हाताला लागलेली लाल माती झटकत मी करंजाच्या सावलीत बसले, आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायला आजही हात अडखळतो. मला बरं वाटलं. त्या सगळ्या कौतुकाच्या खाली बावीस मीटरचा खड्डा आहे आणि तो फक्त मला माहीत आहे, या जाणिवेने आठवडाभरात पहिल्यांदा माझा श्वास मोकळा झाला. संध्याकाळी ती नवा निळा ट्रॅकसूट घालून आरशापुढे वळूनवळून बघत होती. "वैनी, चांगला दिसतोय न्हवं?" मी म्हटलं, छान दिसतोय. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी मूग गिळून बसले.

मग नऊ दिवस गेले. पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सांगितलं, मला कोणी विचारलंय का? आमच्या कामात रेखाचित्रावर जे माप विचारलेलं असतं तेवढंच तपासायचं असतं, न विचारलेल्या मापाचा अहवाल द्यायचा नसतो. हा नियम मी स्वतःच्या उपयोगासाठी घरी घेऊन आले. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तर एक नवीच अडचण उभी राहिली: आता सांगितलं तर, इतके दिवस का नाही सांगितलंस, हे कोणीतरी विचारणारच. आणि दरम्यान आकडे उतरत होते. ब्याण्णव, नव्वद, एकोणनव्वद. सुहास मोबाइल उंच धरून ओरडायचा, निवृत्त गृहस्थ टाळ्या वाजवायचे, आणि मीही वाजवायचे. मनातल्या मनात मी रोज खरा हिशेब करत होते, आणि खरा हिशेब रोज नापास येत होता. आपल्या डोळ्यांदेखत कोणाचं असं नुकसान होऊ देण्यासाठी काहीही करावं लागत नाही, नुसतं शेजारी उभं राहिलं तरी पुरतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यानंतरच्या सोमवारी तिची वेळ आली सत्याऐंशी. नाश्त्याला उपम्याची वाफ डोळ्यांवर घेत ती म्हणाली, "आता बास. पाच दिवस पाय ताजे ठिवते. सराव बंद." सुहासने मान डोलावली, बरोबरच आहे म्हणाला, आणि उद्यापासून सगळ्यांनी उशिरा उठायचं असंही जाहीर करून टाकलं. मी हिशेब केला. पूर्ण चारशेला सत्याऐंशीचे ब्याण्णव होतात. दोन सेकंदांनी ही मुलगी बाहेर पडणार होती, आणि का पडली ते तिला जन्मभर कळलं नसतं. मैदानावर अंगात वारं भरलं नाही, नशीब आडवं आलं, असं काहीतरी समजून ती निपाणीला परत गेली असती.

त्या दिवशी कारखान्यात बुशचा, म्हणजे धातूच्या आखूड पोकळ नळ्यांचा, एक लॉट आला होता. भोक दोन शतांश मिलिमीटर मोठं. नागराजण्णा जुने कारागीर, माणूस भला. "स्वल्प ॲडजस्ट माडी, मॅडम," जरा सांभाळून घ्या, असं ते दरवेळी म्हणतात आणि दरवेळी मी माल नाकारल्याची लाल चिठ्ठी लावते. तशी लावली. ते हसले आणि शेजारच्या नव्या माणसाला म्हणाले, "मॅडम सुळ्ळु हेळल्ल." मॅडम खोटं बोलत नाहीत. यंत्रं थंड ठेवणाऱ्या तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा तो रोजचा वास एकाएकी नकोसा झाला आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जाऊन उभी राहिले.

मंगळवारी पहाटे मीच अंडी उकडली आणि शीतलला हलवून उठवलं. ती कुरकुरत आली, सुहास झोपलेलाच होता. मैदानावर पोचल्यावर मी पिशवीतून रांगोळीचा डबा काढला आणि तिच्या नेहमीच्या जागेपासून टेप लावून बावीस मीटर मागे पांढरी रेघ ओढली. धुक्यात ती रेघ फार लांब दिसत होती. "वैनी, ही कसली रेघ?" मी सांगितलं. मैदान कमी आहे, तुझी वेळ खोटी आहे, खरी ब्याण्णव आहे. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. तिने नेहमीच्या जागेपासून रेघेपर्यंतच्या मोकळ्या मातीवरून नजर फिरवली, आणि मग तो प्रश्न विचारला.

"कधी मापलासा?"

"काल," मी म्हटलं.

एका शब्दाचं उत्तर, आणि ते माझ्या तोंडात तयारच होतं. ती एकदम जवळ आली, मला घट्ट मिठी मारली, तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि म्हणाली, "बरं झालं बाई, कालच मापलासा." मग ती नव्या रेघेवर जाऊन उभी राहिली.

पुढचे चार दिवस मी तिच्यासाठी जे केलं ते मनापासून केलं, एवढं तरी मला म्हणू द्या. पहिल्या अर्ध्या फेरीत ती जीव तोडून धावते आणि शेवटच्या वळणावर तिचे पाय जड होतात, हे मी आकड्यांवरून ताडलं; मैदानाचे चार भाग करून प्रत्येक भागाची वेळ वेगळी लिहिली, आणि पहिला भाग मुद्दाम सावकाश धावायला लावलं. एक्क्याण्णव आली, मग पुन्हा ब्याण्णव, शुक्रवारी कशीबशी नव्वद. त्या नऊ दिवसांत काय काय करता आलं असतं हे मला तिच्या प्रत्येक फेरीला दिसत होतं. शनिवारी चाचणीच्या मैदानाच्या फाटकाबाहेर सुहास आणि मी उन्हात उभे होतो. आतलं काही दिसत नव्हतं, फक्त शिट्टी ऐकू यायची आणि थोड्या वेळाने पुन्हा शिट्टी. ती बाहेर आली ती लंगडत, रडत, आणि हातात कागद घेऊन. अर्ध्या सेकंदाने पास झाली होती.

संध्याकाळच्या फोनवर तिने सगळी कथा सांगितली, तिखटमीठ लावून. वैनींनी कसा टेप नेला, एकटीने अख्खं मैदान कसं मापलं, रांगोळीने रेघ कशी ओढली. सुहास माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की त्या नजरेसाठी मी अकरा वर्षं थांबले होते. आणि मग सासूबाई म्हणाल्या, "तिला दे फोन." स्पीकर बंद करून त्याने मोबाइल माझ्या कानाला लावला. "तू हायीस म्हणून झालं बघ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओला झाला होता. "दुसरी कोण असती तर गप बसली असती."

समोर शीतल हसत होती, दुखऱ्या पोटरीवर बर्फ धरून. आता सांगावं, असं मला क्षणभर वाटलं. मी "हो, आई" म्हटलं.

हे होऊन वर्ष उलटलं. शीतल पश्चिमेकडच्या रानात कुठेशी असते, अधूनमधून हत्तींचे फोटो पाठवते. घरी कोणीही पाहुणे आले की सुहास ती टेपची गोष्ट काढतो, आणि मी चहा घेऊन बाहेर येते तेव्हा सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहतात. खरं तर ते जिच्याकडे पाहतात ती दुसरीच बाई आहे. तिने माप घेतलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी पहाटे ते सांगून टाकलं. तिच्या मनात नणंदेविषयी काही नव्हतं. ती बाई नवऱ्याची लाडकी आहे, सासूची लाडकी आहे. मी ट्रे घेऊन तिच्या जागेवर उभी राहते, पाहुण्यांना साखर विचारते, आणि मला तिचा हेवा वाटतो.