तीन मोबाईलांचं एकच खातं

क्लाउडवर खातं उघडायची बुद्धी मला झाली, त्या दिवसाला मी आजही नावं ठेवते. मी देवळीला शाळेत शिकवते, मोठा भाऊ हिंगणीला शेती करतो आणि त्याची एकुलती एक मुलगी वर्ध्याला राहून शिकते. तीन माणसं, तीन गावं, तीन मोबाईल, आणि खातं मात्र एकच. प्रत्येकाचं वेगळं काढावं हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. घराचं रेशनकार्ड एक असतं, तसं हेही एक, एवढाच विचार. नंबर भावाचा दिला, कारण नवा मोबाईल त्याने घेतला होता. पासवर्ड माझ्या डायरीत राहिला.

त्याआधी आमचे सगळे कागद बियाण्याच्या एका रिकाम्या पिशवीत असायचे. तहसीलमध्ये एक दाखला मागितला की भाऊ अख्खी पिशवी उचलून न्यायचा आणि बाबूच्या टेबलावर उपडी करायचा. सातबारा, पोरीची गुणपत्रिका, लसीकरणाचं कार्ड, कुठल्याशा लग्नाची पत्रिका. बाबू कावायचा आणि भाऊ शांतपणे म्हणायचा, तुम्हीच पाहून घ्या साहेब, सगळं यातच आहे. मला ते ऐकूनच लाज वाटायची. एका दिवाळीच्या सुट्टीत मी हिंगणीला ठाण मांडून बसले, एकेक कागद मोबाईलने स्कॅन केला, नावं देऊन फोल्डरात लावला आणि भावाला बजावलं की यापुढे पिशवी घेऊन हिंडायचं नाही, सगळं माझ्याकडे आहे. हे वाक्य मी पुढे इतक्यांदा म्हटलं की ते घरात कायद्यासारखं झालं.

मग सुरू झाला छळ. मी शाळेतल्या कॉम्प्युटरवर खातं उघडायला गेले की ओटीपी जायचा भावाच्या मोबाईलवर. भाऊ वावरात. वावरात रेंज फक्त धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, चिंचेखाली. तो निंदणाऱ्या बायांना सांगून चिंचेपर्यंत चालत येणार, चष्मा घरी विसरलेला असणार, मग कोणाकडून तरी आकडे वाचून घेणार, आणि मी ते टाकेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली असणार. पुन्हा नवा ओटीपी, तोवर तो चिंचेखालून परत निघालेला. एकदा तर त्याने मला कालचाच ओटीपी सांगितला. तो चांगला पाठ झाला होता म्हणे.

त्यात त्याचे शुभ सकाळ. त्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर रोज पहाटेपासून गुलाब, समई, सूर्योदय, हात जोडलेली बाळं यांचा मारा चालतो, आणि हे सगळं आपोआप आमच्या खात्यात येऊन पडतं. मी भाचीचा जातीचा दाखला शोधायला जावं आणि समोर दवबिंदूंचा गुलाब यावा. मी चिडून म्हणायचे, काढून टाक रे हे. तो म्हणायचा, लोक एवढ्या प्रेमानं पाठवतात, काढायचं कसं?

या सगळ्या पसाऱ्यात एक व्हिडिओ वहिनीचा होता. वहिनी तीन वर्षांपूर्वी गेली. मोबाईल समोर धरला की पदर ओढून घरात जाणारी बाई, त्यामुळे तिचे फोटो मोजकेच, तेही लग्नाकार्यातले, तोंड मिटलेले. हा एकच व्हिडिओ असा होता ज्यात ती बोलते. अंगणातल्या चुलीवर मडकं उपडं ठेवलंय आणि ती लांब रोट्या करतेय. सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवते आणि अलगद मडक्यावर टाकते. अर्ध्या व्हिडिओत भावाचा अंगठाच दिसतो. शेवटी ती वर बघते आणि वैतागून म्हणते, “काऊन फोटो काढून राह्यले? सरपण आना आधी.” बस, एवढंच. भाऊ संध्याकाळी हातपाय धुऊन ओट्यावर बसला की हे लावायचा. हिंगणीला गेले की बाजूने जाताना मी ते सरपणाचं वाक्य कितीतरी वेळा ऐकलंय.

गेल्या वर्षी भाचीचा नर्सिंगला नंबर लागला. आमच्या घरात असं शिक्षण घेणारी ती पहिलीच. कागद चढवायचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. बाकीचे कागद खात्यात होतेच. एक नॉन-क्रिमीलेयर नव्याने काढायचं होतं आणि ते नेमकं त्याच दिवशी दुपारी सेलूच्या तहसीलमध्ये भावाच्या हातात पडलं. भाची वर्ध्यात नेट कॅफेत खातं उघडून बसलेली. भावाने तिथेच बाहेरच्या बाकावर स्कॅन करून खात्यात टाकायचं आणि तिने उचलून अर्जाला जोडायचं. इतकी सोपी गोष्ट. मी त्याला चार वेळा शिकवली होती.

तीन वाजून गेले तरी कागद येईना. भाचीचा फोन, आत्या, आलं नाही. भावाचा फोन, जागा भरली म्हणतं. मी शाळेच्या व्हरांड्यात, वर्गात पोरांचा गोंधळ, आणि माझं डोकं फुटायची वेळ. चॅटवर पाठवू का, असं भावाने विचारलंही. मी नको म्हणाले, कारण मागे एकदा तसं पाठवलेलं धूसर निघालं होतं आणि अर्ज परत आला होता. चॅटवरही फाईल जशीच्या तशी पाठवता येते हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, पण कळतं सगळं मलाच, असा माझा तोरा.

मी त्याला म्हटलं, तुझा कचरा काढ आधी, गुलाब आणि समया. त्याने पंधरा मिनिटं गुलाब काढले. तरी जागा होईना. मग मी ओरडलेच. एकेक काय काढतोस, मोठ्या फाईलींची यादी येते, त्यातलं वरून काढत जा, व्हिडिओ असतील ते सगळे काढ.  

मग तो म्हणाला, “बाई, सगळेच काढू काय? तुह्याकडं राह्यतात ना?”

“हो, माह्याकडं हाये सगळं. काढ तू.”

तरीही जागा रिकामी दिसेना, तेव्हा खात्याच्या ॲपची कचरापेटी पूर्ण रिकामी करायलाही मीच सांगितलं. कोणतं बटण दाबायचं तेही मीच सांगितलं. तो बिचारा सांगितलं तसं करत गेला. चार वाजून वीस मिनिटांनी कागद चढला, पावणेपाचला भाचीचा अर्ज गेला. मी वर्गात जाऊन पोरांना उगाचच खाऊ वाटला. भावाला फोन करून वर ऐकवलंही, बघ, एवढ्या गुलाबांपायी पोरीची सीट गेली असती. तो फक्त हसला.

भाचीला प्रवेश मिळाला, ती हॉस्टेलला गेली. दिवाळीच्या आधी भाऊ तिला भेटून तसाच पुढे देवळीला माझ्याकडे आला, पिशवीभर सीताफळं घेऊन. चहा झाला. पोरीला पांढरा ड्रेस कसा शोभतो ते सांगून झालं. मग तो खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाला, ते रोट्यांचं लाव बरं, लय दिवस झाले.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, तुझ्या मोबाईलमध्ये आहे ना. तो म्हणाला, तूच तर काढायला लावलं होतं.

मी मोबाईल उघडला. मग लॅपटॉप. मी ज्यांचा तोरा मिरवत होते ते सगळे फोल्डर उघडले. सातबारा होता, लसीकरणाचं कार्ड होतं, ती कुठल्याशा लग्नाची पत्रिकासुद्धा होती. पाणी आणायचं निमित्त करून मी आत गेले आणि भाचीला फोन लावला. ती म्हणाली, आत्या, माझ्या मोबाईलमध्येही तेच खातं, त्यातून गेलं ते माझ्याकडूनही गेलंच असणार. मग तिने विचारलं, पण तुझ्याकडे असेल ना? मी नंतर बोलते म्हणून फोन ठेवला.

इतकी वर्षं पोरांना शिकवते, पण एका जागेवरून पुसलं की तिन्ही मोबाईलमधून पुसलं जातं, एवढी गोष्ट मी माझ्या भावाला सांगितली नाही. पिशवीतला कागद असता आणि त्याची झेरॉक्स माझ्याकडे असती, तर त्याने एक टाकल्यावर दुसरी राहिली असती. त्याने तोच हिशेब लावला. त्याचं काहीच चुकलं नाही. मी माझ्यावरच इतकी चिडले होते की ग्लासात पाणी ओतताना ते ओट्यावर सांडलं.

बाहेर आले तेव्हा तो चष्मा पुसून, घालून, तयार बसला होता. मी खोटं बोलले. नेट नाही म्हणाले.

त्याने मान हलवली आणि सीताफळांची पिशवी माझ्याकडे सरकवली. “राहू दे, घाई नाई. सवडीनं पाठवून देजो. माह्या मोबाईलात आता लय जागा हाये.”